निजामाच्या मोटरखान्याचा माग

निघण्याआधी खिसे रिकामे करा. मोबाइल, आधार कार्ड, पाचशेच्या नोटा, सगळं घरी राहू द्या. चारमिनारचं चित्र असलेले दहा-बारा हाली रुपये कशात बांधा आणि डोक्याला रुमाल गुंडाळा. आपण जातोय त्या काळात उघड्या डोक्यानं हिंडणारा माणूस चारचौघांच्या डोळ्यांवर येतो.

जायचंय हैदराबादला, निजामाच्या मोटारी पाहायला. नांदेड काय, लातूर काय, 1948 च्या सप्टेंबरपर्यंत दोन्ही गावं याच निजामाच्या राज्यात होती. तेव्हा हे काही परमुलखातलं पर्यटन नाही. राज्याचा साधारण दहावा हिस्सा ‘सर्फ-ए-खास’ होता. म्हणजे तिथला शेतसारा सरकारी तिजोरीत न जाता थेट निजामाच्या खासगी तिजोरीत पडायचा. उस्मानाबादकडची कितीतरी गावं त्यात मोडत. कापूस, करडई, ज्वारी विकून आपल्या पणजोबांनी भरलेला सारा पुढे कुठे गेला, याचा माग काढायचा तर मोटरखान्याइतकी चांगली जागा नाही.

मात्र एका खेपेत भागायचं नाही. दर वेळी साल वेगळं, आणि वाहनही वेगळं.

1913 : लातूरहून

लातूर स्टेशनात उभी असलेली गाडी पाहून आधी हसूच येतं. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. डबा इतका अरुंद की समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याचे गुडघे तुमच्या गुडघ्यांना लागतात. ही बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही गाडी 1897 साली बार्शीत आली आणि टप्प्याटप्प्यानं सरकत 1911 मध्ये लातूरला पोचली. त्याच 1911 च्या 29 ऑगस्टला सहावा निजाम मीर महबूब अली खान वारला आणि त्याचा पंचवीस वर्षांचा मुलगा मीर उस्मान अली खान गादीवर आला.

“कुटं चाललाव, पाव्हणं?” म्हातारा विचारतो.

“हैदराबादला.”

“मंग इंग्रजाच्या मुलकातनं जावं लागतंय बगा.”

म्हातारा खरं तेच सांगतोय. लातूरकराला आपल्याच राज्याच्या राजधानीला रेल्वेनं जायचं तर आधी राज्याबाहेर पडावं लागतं. मुरूड, ढोकी, येडशीपर्यंत निजाम. बार्शी लागली की इंग्रज. हद्दीवर करोडगिरीचा शिपाई गाठोडं उचकटून पाहतो, कारण माल राज्यात येताना नि बाहेर जाताना त्यावर जकात आहे. पुढे हाली रुपया चालत नाही. सात हाली मोजावेत तेव्हा सहा कलदार हातात पडतात. कुर्डुवाडीला मोठ्या रुळांची गाडी धरायची, सोलापूर मागं टाकून गुलबर्ग्याला पुन्हा निजामाच्या हद्दीत शिरायचं, वाडीला उतरून निजाम रेल्वेच्या डब्यात बसायचं आणि अंग आंबलेल्या अवस्थेत नामपल्ली स्टेशनात उतरायचं. 1908 च्या पुरानं मुसीकाठची घरं नेली, त्याच्या खुणा शहराच्या अंगावर अजून आहेत.

एवढ्या हालांनंतर राजवाड्याच्या मोटरखान्याच्या दारात उभे राहिलात की पहिल्यांदा दिसतो तो रंग. पिवळाधमक. असफजाही झेंड्याचा पिवळा. ही रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट. मागवली महबूब अली खानानं; ती तयार होऊन येईपर्यंत तो राहिला नाही. त्या काळी रोल्स-रॉइस कंपनी फक्त सांगाडा, इंजिन आणि चाकं बनवून द्यायची. वरचा साज गिऱ्हाइकानं आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायचा. या गाडीचा साज लंडनच्या बार्कर कंपनीचा आहे. छत घुमटाकार. आत जरीचं कापड. आणि मागे जिथं तुम्हीआम्ही सीट म्हणू, तिथं चक्क सिंहासन आहे, बाकीच्या बैठकांपेक्षा उंच. म्हणून तिचं नावच पडलं सिंहासन-गाडी.

ड्रायव्हरला सलाम करा आणि गाडी चालू करून दाखवायची गळ घाला. तो घाई करणार नाही. आधी एका छोट्या हातपंपानं पेट्रोलच्या टाकीत हवा भरतो, कारण टाकी मागं खाली आणि इंजिन पुढं. हवेच्या दाबाशिवाय पेट्रोल तिथवर चढत नाही. मग स्टिअरिंगच्या मध्यावरचा एक खटका मागं ओढतो. ठिणगी जरा उशिरा पडावी म्हणून ही तजवीज, नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं. मग पुढं जाऊन, वाकून, एकच हँडल मारतो. सहा सिलिंडर, सव्वासात लिटरहून मोठं इंजिन. मोठा धडाका होणार म्हणून तुम्ही कान सावरता. तसलं काही होत नाही. ड्रायव्हर तुमच्याकडचा हाली रुपया मागून घेतो आणि बॉनेटवर कडेवर उभा करतो. इंजिन चालू आहे, चारमिनार तुमच्याकडे तोंड करून उभा आहे, आणि रुपया पडत नाही.

या गाडीचं जगभर नाव झालं होतं ते चालण्यामुळे. 1907 मध्ये ब्रिटनमध्ये याच जातीची एक चंदेरी गाडी 14,371 मैल बंद न पडता पळवली होती. तिच्यावरूनच सगळ्या जातीला सिल्व्हर घोस्ट हे नाव मिळालं. आपण इथं उभे आहोत त्याच 1913 मध्ये तिच्या बहिणी युरोपात आल्प्सचे घाट चढून शर्यती मारताहेत.

इथं ड्रायव्हर इंजिन बंद करतो, रुपया परत देतो आणि फडक्यानं तुमच्या बोटांचे ठसे पुसून काढतो.

1937 : नांदेडहून

चोवीस वर्षं ओलांडून फेब्रुवारीत या. या खेपेला नांदेडहून निघू. उस्मानशाही मिलचा भोंगा वाजून गेलाय, गोदावरीकडून गार वारा येतोय, आणि स्टेशनात मनमाडहून आलेली मीटरगेज गाडी उभी आहे. इथं लातूरसारखा इंग्रजी हद्दीतला वळसा नाही. मुदखेड, उमरी, धर्माबाद; मग बासरला गोदावरी ओलांडायची, आणि निजामाबाद, कामारेड्डी करत थेट राजधानी. सगळा रस्ता निजामाचा, रूळ निजामाचे, इंजिनही निजामाचं.

राज्यात रस्त्यांवरही आता निजामाचीच गाडी धावते. 1932 मध्ये निजाम स्टेट रेल्वेनं स्वतःचं मोटार खातं काढलं, 27 बस आणि 166 माणसांवर. बस स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. हिंदुस्थानात इतक्या लवकर सरकारी बससेवा काढणारी संस्थानं बोटावर मोजण्याइतकी. मोटारीचं वेड दरबारालाही होतं आणि राज्यकारभारालाही, पण दोघांनी मोटारीचं केलं काय ते पाहण्यासारखं आहे. अल्बियन रोज धुळीतून जायच्या आणि रोज परत यायच्या.

डब्यात हळू बोला. शेजारचा वकिलासारखा दिसणारा गृहस्थ कानाशी येऊन सांगतो की याच वर्षी परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरवायचं घाटतंय. लगेच इकडंतिकडं बघतो. गश्ती निशान 53 लागू आहे. परवानगीशिवाय सभा घेता येत नाही. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, आणि मराठी माणसानं मराठीत सभा घ्यायची म्हटली तर आधी अर्ज. तो गृहस्थ पुढे आणखी काही सांगणार असतो, पण तिकीट तपासनीस येतो आणि विषय ज्वारीच्या भावावर जातो.

हैदराबाद सजलेलं आहे. निजामाच्या कारकिर्दीच्या पंचवीस वर्षांचा महोत्सव आहे. कमानी, दिवे, पताका. याच महिन्यात, 22 तारखेच्या अंकात, अमेरिकेचं ‘टाइम’ साप्ताहिक त्याचा फोटो मुखपृष्ठावर छापून त्याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणणार आहे.

काचीगुडा स्टेशनाबाहेर टांगा करा आणि किंग कोठी सांगा. टांगेवाला वाटेत गप्प बसणाऱ्यांतला नाही.

“मोटर देखने आए? देखो मियाँ. पन तुमारे पास अच्छी मोटर हय तो इधर से नक्को ले जाओ.”

का, ते तोच सांगतो. शहरात कुणाची चांगली मोटार निजामाच्या नजरेस पडली की मालकाकडे निरोप जातो : ही गाडी भेट म्हणून स्वीकारायला सरकारांना आनंद वाटेल. नाही म्हणायची सोय नसते. अशा आनंदानं स्वीकारलेल्या शेकडो गाड्या त्यानं जमवल्या, असं पुढे पुस्तकांतही लिहिलं गेलं. टांगेवाल्याच्या बोलण्यात थोडं मीठमसाला धरला, तरी नजराणा ही या दरबाराची जुनी रीत आहे. भेटीला जाणारा माणूस अशर्फी पुढे करतो आणि ती परत मिळेल अशी आशा ठेवत नाही.

किंग कोठीच्या फाटकावर मोठा पडदा सोडलेला असतो. सरकार बाहेर गेले की पडदा वर उचलतात. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला न विचारता कळतं. तुम्ही पाहत असतानाच शिट्ट्या वाजतात, रस्ता थांबतो, टांगेवाला घोड्याचा लगाम खेचून उतरून उभा राहतो. मान लवलेली ठेवा, पण डोळे वर करा. गाडी येतेय. ती पिवळी रोल्स असेल अशी तुमची अपेक्षा. येते ती एक जुनाट, खडखडणारी फोर्ड. आत किरकोळ बांध्याचा माणूस, साधी शेरवानी, मळकट टोपी. चारमिनार सिगारेट ओढतो तो हाच, आणि हिऱ्याचा पेपरवेट वापरतो तोही हाच. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस आपल्यासमोरून जुन्या फोर्डमधून गेला.

कवडीचुंबक होता म्हणून हसणं सोपं आहे. पण मागं, आवारात, झाडांखाली आणि पत्र्यांखाली उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या की हा साधा कंजूषपणा वाटत नाही. कंजूष माणूस वस्तू घेतच नाही, आणि घेतलीच तर झिजेपर्यंत वापरतो. इथं वस्तू घेतली जाते ती केवळ दुसऱ्याकडे राहू नये म्हणून. वापर नाही, विक्री नाही, कुणाला देणं नाही. सर्फ-ए-खासच्या शेतातून निघालेला पैसा प्रवास करत इथवर येतो आणि इथं त्याचं चालणं थांबतं.

1948 : उमरग्याच्या रस्त्यावर

या खेपेला हैदराबादेत शिरू नका. 13 सप्टेंबरला नळदुर्ग-उमरगा रस्त्याच्या कडेला, जरा आत, ज्वारीच्या ताटांत उभे राहा. लातूर मागं थोड्याच अंतरावर आहे. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी त्याच लातुरात वकिली करायचा. गेलं वर्षभर रात्री गावात कुत्रं भुंकलं तरी माणसं उठून बसायची.

पहाट होते आणि सोलापूरच्या बाजूनं आवाज येतो. रणगाडे, ट्रक, जीप. मेजर जनरल जे. एन. चौधरींची भारतीय फौज नळदुर्गजवळचा बोरी नदीचा पूल ताब्यात घेऊन पुढे सरकतेय. उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद आणि मग राजधानी. आजवर याच दिशेनं सारा गेला, कापूस गेला, अर्ज गेले. 17 तारखेला निजाम नमतो, 18 ला त्याचा सेनापती शरण येतो. किंग कोठीतल्या मोटारींपैकी एकही या पाच दिवसांत कुठं गेल्याचं कुणी सांगत नाही.

पुढच्या वर्षी सर्फ-ए-खास दिवाणीत, म्हणजे सरकारी मुलखात, विलीन झालं. सारा सरकारी तिजोरीत जाऊ लागला आणि निजामाला तनखा सुरू झाला. मोटरखान्याला मिळणारं पाणी आटलं, पण मोटरखाना तसाच राहिला. 1956 च्या 1 नोव्हेंबरला राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला. नांदेड-लातूरचं राजधानीशी असलेलं नातं बाजारहाट, दवाखाना आणि सोयरिकीपुरतं उरलं.

1967 : एसटीनं

आता पैसे बदलायची गरज नाही, हद्दीवर गाठोडं कुणी उचकटत नाही. नांदेडला एसटीत बसा. देगलूर, मदनूर, संगारेड्डी. 24 फेब्रुवारीला उस्मान अली खान गेला. लोटलेल्या गर्दीत त्याला किंग कोठीसमोरच्या मशिदीत, आईच्या कबरीशेजारी पुरलं. आपण पोचतोय त्यानंतर काही आठवड्यांनी.

वारस आहे नातू, मुकर्रम जाह. मुलाला डावलून आजोबानं त्यालाच निवडलं. वय 33. इंग्लंडात शिकलेला, यंत्रांचा शौकीन. पुढं ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचं प्रचंड कुरण घेऊन तिथं बुलडोझर चालवण्यात रमलेला माणूस. आज मात्र त्याच्यासमोर आजोबाच्या चोपड्या उघड्या आहेत. हजारो नोकर, हजारो आश्रित, आणि मोटरखान्याचा स्वतंत्र खर्च. हिशेबात साठ गाड्या. पेट्रोल आणि सुट्या भागांवर वर्षाला सुमारे 45,000 पौंड. चालू अवस्थेतल्या गाड्या चार. मुकर्रम जाहवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी हा आकडा नोंदवलाय, कारण त्यावर काही भाष्य करावंच लागत नाही. चार गाड्या एवढं पेट्रोल पिऊ शकत नाहीत. निजामाचं पेट्रोल कुणाकुणाच्या चुलीवर शिजलं, ते चोपडीत नसतं.

मोटरखान्याच्या दाराशी चौकीदार आहे. त्याला ‘चाचा’ म्हणा, तो आत सोडेल. एका गाडीजवळ जा, अगदी हात लावण्याइतकं. गाडी चालवून जितकी बिघडत नाही तितकी उभी राहून बिघडते, हे इथं बोटांनी चाचपता येतं. टायर जमिनीला टेकलेत तिथं चपटे झालेत आणि कडेला चिरा गेल्यात. टाकीचं झाकण फिरवा : पेट्रोलची वाफ केव्हाच उडाली, तळाला उरलाय तो काळपट चिकटा, आणि तोच पुढे कार्बोरेटरची बारीक भोकं बुजवतो. बॅटरीवर पांढरी बुरशी चढलीय. हँडल मारून पाहा, हलणार नाही. सिलिंडरात ओल शिरली की पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतीला धरतात, आणि मग जोर लावला तर रिंगच तुटते. मागची गादी उचला. घोड्याच्या केसांचं भरण उंदरांनी उपसून बाहेर काढलंय आणि त्यातच पिलं घातलीत. काच मात्र शाबूत आहे. तिच्यावर धुळीचा थर, थरावर कुणीतरी बोटानं उर्दूत लिहिलेलं नाव.

“चाचा, यह कब चली थी?”

चौकीदार खांदे उडवतो. त्यानं ती चालताना कधी पाहिलेली नाही.

आज : चौमहल्ला

शेवटच्या खेपेला मोबाइल सोबत घ्या. नांदेडहून रेल्वे किंवा बस, लातूरहून बिदरच्या वाटेनं. कुठूनही रात्रभरात पोचता. अडीच फुटी रूळ उखडून लातूरला मोठी लाइन आल्यालाही आता बरीच वर्षं झाली. गुडघ्याला गुडघा लागणाऱ्या डब्यातून सुटका झालेल्या त्या लातुरात आज रेल्वेचे डबे बांधण्याचा कारखाना आहे.

चारमिनारपासून चालत गेलात की खिलवतचा रस्ता, आणि तिथं चौमहल्ला राजवाडा. मुकर्रम जाहची पहिली पत्नी एसरा हिनं मनावर घेतलं म्हणून मोडकळीला आलेला हा वाडा पुन्हा उभा राहिला. 2005 मध्ये तो लोकांसाठी उघडला, 2010 मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तिकीट काढा, झुंबरं पाहा, दरबार हॉलातला संगमरवरी चौथरा पाहा, आणि मग मोटारींकडे वळा. साठांतल्या, किंवा शेकड्यांतल्या, मोजक्याच उरल्यात. सिंहासन-गाडी आहे. दुरुस्त करून, रंग देऊन, काचेआड. पिवळा रंग 1913 मध्ये पाहिला होतात तसाच.

पोरं सेल्फी काढताहेत. एक मराठी कुटुंब आहे, बोलण्यावरून नांदेडकडचं. “आवं, ह्येच्यात बसायचा का त्यो?” बाई नवऱ्याला विचारते. नवरा म्हणतो, “बसायचा असंल की.” दोघंही पुढच्या गाडीकडे जातात.

बसायचा का? या गाडीचा उभ्या आयुष्यातला प्रवास 356 मैल झाला, असं सांगतात. किलोमीटरमध्ये 573. आता नांदेडकरानं आपल्या पद्धतीनं हिशेब करावा. नांदेड ते हैदराबाद सडकेनं पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे ही गाडी एकदा नांदेडला येऊन परत गेली असती, तर तिचं सगळं आयुष्य त्या एका फेरीत संपलं असतं. त्यातही थोडे किलोमीटर शिल्लक राहिले असते, वजिराबादेत एक चक्कर मारण्यापुरते. तिच्या जातीनं नाव कमावलं 14,371 मैल बंद न पडता धावून. ही धावली 356.

तिच्यासाठी शेतसारा भरणारे याहून कितीतरी जास्त हिंडले. बैलगाडीनं आडतीवर, नॅरोगेजनं बार्शीला, मीटरगेजनं कोर्टाच्या तारखेला. त्यांच्या प्रवासाचा हिशेब कुणी काचेत ठेवला नाही. सुंदर वस्तू जमवणाऱ्याबद्दल आपल्याला आदर वाटतो, आणि ती जपल्याबद्दल तर वाटायलाच हवा. ज्यांनी ही गाडी गंजातून परत आणली त्यांचे हात कसबी होते. पण जमवणं आणि जपणं या वेगळ्या गोष्टी. उस्मान अली खानानं जमवल्या, जपल्या नाहीत. जपलं ते नंतरच्या लोकांनी, तेही फार थोडं.

म्हणून हैदराबादला गेलाच आहात तर चौमहल्ल्यावर थांबू नका. मुशीराबादेत राज्य परिवहनाचं बस भवन आहे. तिथं 1932 ची एक अल्बियन बस जतन करून ठेवलीय, त्या पहिल्या 27 बसच्या काळातली. तिला घुमट नाही, जर नाही, सिंहासन तर नाहीच. तिकीट काढणाऱ्या कुणालाही तिच्यात बसता यायचं. तेलंगणात आजही सरकारी बसच्या नंबरात ‘झेड’ अक्षर दिसतं. ते निजामाच्या आईच्या, झहरा बेगमच्या नावावरून आलं असं लोक सांगतात. खरं असेल तर मोटरखान्यातल्या कुठल्याही गाडीपेक्षा त्या बाईचं नाव जास्त रस्ते फिरलं.

परतीची एसटी संध्याकाळची धरा. ती पहाटे नांदेडला लागते, म्हणजे सिंहासन-गाडीच्या निम्म्या आयुष्याइतकं अंतर एका रात्रीत तोडते. सकाळी डेपोत तिचं तेलपाणी होतं, सुटा आवाज येणारा पत्रा ठोकून बसवतात, आणि दिवस चढायच्या आत ती पुन्हा हैदराबादच्या फलाटाला लागते. तिकीट प्रत्येकाला परवडतं, आणि तिच्या पुढच्या फेरीसाठी नजराणा कुणालाच द्यावा लागत नाही.